पेप्टाइड-विखंडन

रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटर या उपकरणाच्या निर्वातात विद्युत्‌भारित पेप्टाइडाचे (अमिनो आम्लांच्या लहान साखळीचे) रेणू मोडून त्यांचे तुकडे होण्याच्या क्रियेस पेप्टाइड-विखंडन म्हणतात. तुकड्यांच्या वस्तुमानांतील फरकांवरून अमिनो आम्लांचा क्रम वाचता येतो, म्हणूनच प्रथिने ओळखण्याच्या आजच्या पद्धती मुख्यत्वे या क्रियेवर उभ्या आहेत.

सर्वाधिक रूढ पद्धतीत पेप्टाइडाचे आयन (भारित रेणू) हेलियम, नायट्रोजन किंवा आर्गॉन वायूवर आदळवतात. आघाताची ऊर्जा रेणूभर पसरते आणि साखळीच्या आरंभीच्या अमिनो गटावर किंवा आम्लारिधर्मी पार्श्वसाखळीवर बसलेला प्रोटॉन हलून पेप्टाइड बंधातील (दोन अमिनो आम्लांना जोडणाऱ्या बंधातील) नायट्रोजनावर येतो. त्यामुळे तो बंध दुबळा होतो, अलीकडच्या कार्बोनिल गटातील ऑक्सिजन त्याच्या कार्बनावर चाल करतो, पाच अणूंचे वलय तयार होते आणि साखळी तुटते. भार आरंभीच्या तुकड्यावर राहिला तर त्यास ‘बी’ आयन व शेवटच्या तुकड्यावर राहिला तर ‘वाय’ आयन म्हणतात. ही नावे रोएपस्टॉर्फ व फोलमन यांच्या 1984 मधील नामपद्धतीतून आली आहेत.

टायरोसीन, ग्लायसीन, ग्लायसीन, फेनिलॲलनीन, ल्यूसीन अशा क्रमाच्या ल्यूसीन-एन्केफॅलिन या पेप्टाइडाचा प्रोटॉनयुक्त आयन वस्तुमान व भार यांच्या गुणोत्तराच्या मोजपट्टीवर 556.28 येथे दिसतो. तो मोडल्यावर 221.09, 278.11 आणि 425.18 येथे ‘बी’ मालिकेचे आयन मिळतात. पहिल्या दोहोंतील 57.02 चा फरक म्हणजे ग्लायसीन आणि पुढचा 147.07 चा फरक म्हणजे फेनिलॲलनीन. शेवटचे अमिनो आम्ल ल्यूसीन की आयसोल्यूसीन, हे मात्र या आकड्यांवरून ठरत नाही, कारण दोहोंचे वस्तुमान अगदी सारखेच आहे.

सगळे बंध सारख्याच सहजतेने तुटतात असे समजणे चुकीचे ठरेल. प्रोलीनच्या अलीकडचा बंध विशेष सहज तुटतो; उलट आर्जिनीन प्रोटॉनाला इतके घट्ट धरून ठेवते, की मोकळा प्रोटॉन उरला नाही तर ॲस्पार्टिक आम्लाच्या पलीकडचा बंधच प्रामुख्याने तुटतो. सेरीनवरील फॉस्फेट गटाची अडचण सर्वांत मोठी : तो साखळीआधीच 98 वस्तुमानाच्या फॉस्फोरिक आम्लाच्या रूपात निसटतो आणि त्याची मूळ जागा निश्चित करणे कठीण होते.

अशा वेळी 2004 मध्ये पुढे आलेली इलेक्ट्रॉन-हस्तांतरण पद्धत (पेप्टाइडाला इलेक्ट्रॉन देऊन तोडण्याची पद्धत) उपयोगी पडते. तीत नायट्रोजन व अल्फा-कार्बन (पार्श्वसाखळी जोडलेला कार्बन) यांच्यातील बंध तुटून ‘सी’ व ‘झेड’ आयन मिळतात आणि फॉस्फेट बहुधा जागीच राहतो. मात्र पेप्टाइडावर किमान दोन धनभार असावे लागतात, कारण आलेला इलेक्ट्रॉन त्यांपैकी एक निष्प्रभ करतो आणि उदासीन झालेला रेणू स्पेक्ट्रोमीटरला दिसत नाही.