स्थलांतरित-साहाय्य उपक्रम, पुणे

स्थलांतरित-साहाय्य उपक्रम, पुणे : परजिल्ह्यातून, परराज्यातून किंवा परदेशातून पुण्यात आलेल्या आणि येथे जामीन राहील असे कोणी नसलेल्या कुटुंबांसाठी नागरिकांच्या लहान गटांनी चालवलेली कामे. बांधकामाच्या साइटवरील पाळणाघर, लेबर कॅम्पातील अभ्यासवर्ग, कागदपत्रांचे टेबल, दवाखान्यात सोबत, बोली मराठीचा वर्ग ही त्यांची नेहमीची रूपे. गट बहुधा पाच-दहा जणांचा असतो आणि एक-दोन वस्त्यांपुरते काम करतो. स्वतंत्र शाळा, स्वतंत्र दवाखाना काढण्यापेक्षा महापालिकेची शाळा, अंगणवाडी, रेशन दुकान आणि सरकारी रुग्णालय यांच्या नोंदीत त्या कुटुंबाचे नाव घालणे आणि कुटुंब हलले की ती नोंदही त्याच्यासोबत हलवणे, हे या कामाचे मर्म आहे. जे गट हे ओळखत नाहीत त्यांचे काम साइट संपली की शून्यावर येते.

पूर्वपीठिका : फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची मोठी वसाहत पिंपरीत झाली. ‘पिंपरी कॅम्प’ हे नाव तिथल्या बाजारपेठेला अजून चिकटून आहे. शां. ब. मुजुमदार यांनी १९७१ मध्ये सिम्बायोसिसची सुरुवात केली ती विद्यापीठ म्हणून नव्हे, तर परदेशी विद्यार्थ्यांना आधार देणारे सांस्कृतिक केंद्र म्हणून. कावीळ झालेल्या मॉरिशसच्या एका विद्यार्थ्याला खिडकीतून डबा देणारी मुलगी पाहून ही कल्पना सुचल्याचे ते सांगत आले आहेत. काश्मिरी विस्थापितांसाठी महाराष्ट्रातील व्यावसायिक महाविद्यालयांत १९९० च्या दशकात जागा ठेवल्या गेल्या. पुढे ‘सरहद’ या पुण्यातील संस्थेने दहशतवादाची झळ बसलेल्या काश्मिरी मुलांच्या शिक्षणाची सोय शहरात केली. बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी ‘डोअर स्टेप स्कूल’ (पुण्यात १९९३ पासून) आणि ‘तारा मोबाइल क्रेशेस’ या संस्थांनी घालून दिलेली पद्धत आजचे बहुतेक छोटे गट कमी-अधिक फरकाने उचलतात.

साइटवरील पाळणाघर व वर्ग : वाघोली, मांजरी, उंड्री, हिंजवडी, पुनावळे, रावेत या कडेच्या भागांत काम चालू असलेल्या प्रत्येक मोठ्या साइटशेजारी पत्र्याच्या खोल्यांचा कॅम्प असतो. मराठवाडा, उत्तर कर्नाटक, तेलंगण, छत्तीसगड, बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल येथील कुटुंबे त्यात राहतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू होईपर्यंत १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यातील कलम ३५ नुसार ५० पेक्षा जास्त स्त्रिया कामावर असतील तर सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली देणे मालकावर बंधनकारक होते. पण स्त्रिया वेगवेगळ्या ठेकेदारांच्या हाताखाली विभागलेल्या असत आणि कागदावर ५० चा आकडा क्वचितच भरे. त्यामुळे कायदा पुढे करून भांडण्यापेक्षा साइट इंजिनीअर आणि सुरक्षा अधिकारी यांच्याशी बोलणे फळते. सेंटरिंगच्या लाकडाशी आणि उघड्या सळ्यांशी खेळणारी मुले अपघाताला आमंत्रण असतात, हे त्यांना सांगावे लागत नाही.

गटाने बिल्डरकडून चार गोष्टी लेखी घ्याव्यात : खोली, वीज, पिण्याचे पाणी आणि मुलांसाठी वेगळे शौचालय. साधारण १० फूट बाय २० फूट खोलीत २० ते २५ मुले मावतात. तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक ताई आणि तीन वर्षांपुढच्या वीस मुलांमागे एक ताई, यापेक्षा माणसे कमी असतील तर ते पाळणाघर राहत नाही, मुले कोंडून ठेवण्याची जागा होते. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली दुपारी बसवत नाही. पत्र्यावर हिरवी जाळी किंवा गोणपाट, आत थर्माकोलचे छत आणि समोरासमोर दोन खिडक्या ही किमान सोय. मोकळा वायरचा तुकडा दिसला की त्याच दिवशी साइटच्या इलेक्ट्रिशियनला गाठावे.

खोलीची जागा हा सर्वांत गंभीर मुद्दा. २९ जून २०१९ च्या पहाटे कोंढव्यात सोसायटीची संरक्षक भिंत लगतच्या मजुरांच्या खोल्यांवर कोसळून १५ जण ठार झाले. त्यात लहान मुलेही होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये भोसरीच्या लेबर कॅम्पात पाण्याची टाकी फुटून मजूर दगावले. म्हणून संरक्षक भिंत, खोदाईची कड, उंच पाण्याची टाकी आणि क्रेनचा पल्ला यांपासून खोली लांब हवी. जूनच्या पहिल्या आठवड्यात भिंतीला पडलेल्या भेगा आणि तिच्यामागे साचणारे पाणी पाहून घ्यावे. भेग रुंदावत असेल तर फोटो काढून बिल्डरला लेखी कळवावे आणि वर्ग त्याच दिवशी हलवावा.

वेळ मजुरांच्या वेळेशी बांधलेली असते. काम सकाळी नऊला सुरू होत असेल तर पाळणाघर साडेआठला उघडे हवे. दहाचे पाळणाघर कोणाच्या कामाचे नाही. स्लॅबच्या दिवशी काम रात्रीपर्यंत चालते, त्या दिवशी ताईंची वाढीव पाळी आणि मुलांच्या रात्रीच्या खिचडीची तजवीज आधी करावी लागते. खर्ची (मजुरीतून आठवड्याच्या खर्चासाठी मिळणारी उचल) वाटतात तो दिवस, बहुधा रविवार, बाजाराचा असतो आणि वर्ग ओस पडतो. नव्या स्वयंसेवकांना नेमका रविवारच मोकळा असतो, ही या कामातली जुनी पंचाईत.

दर महिन्याला सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांच्या दंडाचा घेर मोजतात. ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ म्हणजे मध्यम. पहिल्या गटातले मूल पोषण पुनर्वसन केंद्राकडे पाठवायचे असते, पण तिथे मुलासोबत राहावे लागल्याने आईची रोजी बुडते म्हणून ते जात नाही. तेवढ्या दिवसांची मजुरी गटाने भरून दिली तर जाते. जुलाबासाठी ओआरएसचे पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवावे, अर्धे पाकीट अर्ध्या तांब्यात असा अंदाज करू नये. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चहाचा चमचा मीठ. सोबत १४ दिवस झिंक.

शाळाप्रवेश : शिक्षण हक्क कायदा, २००९ मुळे ६ ते १४ वर्षांच्या मुलाला वयाचा दाखला नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मूल वयानुरूप वर्गात बसते आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढायला तीन महिने ते दोन वर्षे विशेष प्रशिक्षण मिळते. वयासाठी अंगणवाडीची किंवा दवाखान्याची नोंद चालते. तीही नसेल तर पालकांचे प्रतिज्ञापत्र पुरते. मुख्याध्यापक ‘आधार आणा’ म्हणतात ते बहुधा अडवणूक म्हणून नव्हे, तर ऑनलाइन नोंदीत रकाना रिकामा राहतो म्हणून. गटातल्या कोणी शेजारी बसून ती नोंद भरायला मदत केली की काम होते.

खरी अडचण वेळापत्रकाची. राज्यातील शाळा जूनच्या मध्याला उघडते. मराठवाड्यातील कुटुंबे दिवाळीनंतर येतात आणि पेरणीआधी परततात; उत्तरेकडची छठ, होळी किंवा गव्हाच्या काढणीला जातात. नोव्हेंबरात आलेले मूल पुढच्या जूनपर्यंत थांबवणे म्हणजे ते कायमचे सुटणे. स्थलांतरित मुलांसाठी राज्यात ‘शिक्षण हमी कार्ड’ आहे. मूल गाव सोडताना शाळेने ते द्यायचे आणि नव्या शाळेने त्यावरून दाखल करायचे. प्रत्यक्षात कार्ड क्वचितच सोबत येते. म्हणून गट मूळ शाळेला फोन करून मुलाचा विद्यार्थी क्रमांक मिळवतात आणि परत जाताना इथल्या हजेरीचा कागद पालकांच्या हाती देतात. महापालिकेच्या काही शाळा उर्दू, इंग्रजी आणि कन्नड माध्यमाच्या आहेत. कलबुर्गी-यादगीरच्या मुलांना कन्नड शाळा सुचवणे ठीक, पण ती कॅम्पपासून आठ किलोमीटरवर असेल तर सूचना कागदावरच राहते. शाळेपर्यंतची गाडी हा अशा उपक्रमाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत उपयोगी खर्च.

रेशन व कामगार नोंदणी : कागदपत्रांचे टेबल मजूर अड्ड्याजवळ (रोजंदारीचे मजूर सकाळी कामासाठी थांबतात ती जागा) सकाळी सात ते साडेनऊ किंवा कॅम्पात संध्याकाळी सातनंतर लावतात. वारजे, कात्रज अशा अड्ड्यांवर साडेनऊनंतर उरतात ते काम न मिळालेले. त्यांच्याशी बोलायला वेळ भरपूर असतो, मन नसते.

‘एक देश, एक रेशन कार्ड’ची सुरुवात ऑगस्ट २०१९ मध्ये झाली तेव्हा महाराष्ट्र-गुजरात ही पहिल्या दोन जोड्यांपैकी एक होती. आता कोणत्याही राज्यातील अन्नसुरक्षा कार्डावर पुण्यातील दुकानात दरमहा माणशी पाच किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. कुटुंबातील काही जण गावी असतील तर प्रत्येक ठिकाणी आपापला वाटा उचलता येतो. मात्र गावाकडच्यांनी महिन्याच्या सुरुवातीलाच सगळे धान्य उचलले तर इथे यंत्र ‘शिल्लक नाही’ दाखवते आणि दोष दुकानदाराच्या माथी येतो. मूळ राज्याच्या स्वतःच्या सवलती, उदाहरणार्थ जादा तांदूळ किंवा डाळ, इथे मिळत नाहीत. सिमेंट आणि चुन्याने बोटांच्या रेषा झिजतात, ठसा उमटत नाही. अशा वेळी हात कोमट पाण्याने धुऊन, पुसून दुसरे बोट लावून पाहावे, डोळ्यांची पडताळणी करणारे यंत्र असलेले दुकान शोधावे किंवा कार्डावरील दुसऱ्या माणसाला पाठवावे. ई-केवायसी (आधारवरून ओळखीची पडताळणी) राहिलेल्या सदस्यांची नावे आधी तपासून घ्यावीत. पत्त्याचा पुरावा नसलेल्या कुटुंबाला पाच किलोचा छोटा गॅस सिलिंडर केवळ ओळखपत्रावर मिळतो, हे बऱ्याच स्वयंसेवकांनाही ठाऊक नसते.

राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळातील नोंदणीसाठी वय १८ ते ६० आणि मागील वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदार तो देत नाही, कारण सही केली की मजूर आपला असल्याचे कबूल होते. अड्ड्यावरच्या मजुराला तर ठेकेदार रोज वेगळा; त्याने महापालिकेच्या कार्यालयातून दाखला घ्यायचा असतो. नोंदणीचे नूतनीकरण राहिले की लाभ थांबतात, त्यामुळे टेबलावरच्या वहीत मुदतीची तारीख लिहून महिनाभर आधी फोन करावा लागतो. एजंट याच फोनचे पैसे घेतात.

आरोग्य : लसीकरणासाठी माता-बाल संरक्षण कार्ड, गरोदर स्त्रीची नोंद आणि क्षयाचा उपचार ही तीन कामे नोंदीवर चालतात. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा. मजूर साइटवर तितका टिकेलच असे नाही. निक्षय (क्षयरुग्णांची सरकारी ऑनलाइन नोंद) क्रमांक असेल तर उपचार दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग करता येतो, मात्र हे काम मजूर निघण्याआधीच करून घ्यावे. म्हणून दर आठवड्याला ‘मजुरीचा पुढचा हिशोब कधी?’ हे विचारण्याची पद्धत आहे. हिशोब झाला की कुटुंब दोन-तीन दिवसांत हलते. गंभीर रुग्णासाठी पुण्यात ससून रुग्णालय, पिंपरीत यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय. सोबत गेलेल्या स्वयंसेवकाने केसपेपरवर रुग्णाचे नाव आधारवर आहे तसेच लिहून घ्यावे. ‘मुन्नी’ आणि ‘मुन्नीदेवी’ पुढे दोन माणसे ठरतात.

परदेशी निर्वासित : १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर भारताची सही नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याची जागा १ सप्टेंबर २०२५ पासून नव्या कायद्याने घेतली. तिबेटी आणि श्रीलंकेतील तमिळ निर्वासितांची व्यवस्था केंद्र सरकार पाहते. अफगाण, म्यानमारी, सोमाली आदींची नोंद संयुक्त राष्ट्रांचे निर्वासित उच्चायुक्त कार्यालय दिल्लीत करते. पुण्यातून तिथे जाण्या-येण्याचे भाडे आणि राहण्याची सोय ही छोट्या गटाला करण्याजोगी मदत आहे. त्या कार्यालयाचे ओळखपत्र म्हणजे व्हिसा नव्हे आणि त्यावर आधार मिळत नाही. आधार नसल्याने बँक, सिमकार्ड, भाडेकरार सगळेच अडते. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेल्यावर पुण्यात शिकणाऱ्या अफगाण विद्यार्थ्यांपुढे व्हिसा आणि घरून येणारे पैसे हे दोन्ही प्रश्न एकदम उभे राहिले.

घर मिळवून देताना घरमालकाला दोन गोष्टी आधी सांगाव्यात. भाडेकराराची नोंदणी महाराष्ट्रात सक्तीची आहे. आणि परदेशी माणूस राहायला आल्यावर २४ तासांत ‘फॉर्म सी’ म्हणून ओळखली जाणारी माहिती परकीय नागरिक नोंदणी कार्यालयाला ऑनलाइन द्यावी लागते. ती न दिल्याचा फटका पुढे भाडेकरूलाच व्हिसा वाढवताना बसतो. गटाने कोणाचाही मूळ पासपोर्ट ‘सुरक्षित राहावा’ म्हणूनसुद्धा स्वतःकडे ठेवू नये. मुदत संपलेल्या व्हिसाचे प्रकरण वकिलाकडे द्यावे. कार्यालयातल्या ओळखीने सुटेल अशी आशा दाखवू नये. मुलांच्या शाळेत अडचण तुलनेने कमी, कारण शिक्षण हक्काच्या कायद्यातील शब्द ‘प्रत्येक बालक’ असा आहे.

पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि बांगलादेशातून आलेल्या हिंदू, शीख, ख्रिस्ती आदी अल्पसंख्याकांचा मार्ग वेगळा : आधी दीर्घ मुदतीचा व्हिसा, मग नागरिकत्व. अशा अर्जांचे अधिकार २०१६ मध्ये ज्या मोजक्या जिल्हाधिकाऱ्यांना दिले गेले त्यांत पुण्याचे जिल्हाधिकारी होते.

बोली मराठीचा वर्ग : आठवड्यातून तीन दिवस, पाऊण तास. मुळाक्षरांपासून सुरुवात केली की मोठी माणसे दुसऱ्या आठवड्यात येईनाशी होतात. रिक्षाचे भाडे, पीएमपीच्या बसवरची पाटी, दवाखान्यात ‘कळ येते’ आणि ‘जळजळते’ यांतला फरक, मजुरीचा हिशोब मागणे असे प्रसंग घेतात. हिंदीभाषकांना वाचन लवकर जमते, लिपी तीच असल्याने. कानडी आणि बंगाली मंडळींना बोलण्यावरच ठेवावे. स्त्रियांचा वर्ग वेगळा आणि खोलीजवळ असला तर चालतो.

वस्तू व पैसा : दिवाळीच्या साफसफाईनंतर सोसायट्यांतून जुन्या कपड्यांचे गठ्ठे येतात. त्यांतले उपयोगी थोडेच : सुती साड्या, मुलांचे कपडे, स्वेटर, चादरी. बाकीचे निवडणे, साठवणे आणि शेवटी टाकून देणे यातच गटाचे दोन महिने जातात, म्हणून हव्या त्या वस्तूंची यादी देऊन बाकी स्पष्ट नाकारावे. संस्थेची नोंदणी करायची तर किमान सात सदस्य लागतात. महाराष्ट्रात ती सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणूनही धर्मादाय आयुक्तांकडे नोंदली जाते आणि दरवर्षी हिशोब तपासून सादर करावे लागतात. दोन हजारांपेक्षा जास्त रोख देणगीवर देणाऱ्याला करसवलत मिळत नाही. परदेशी नागरिकाने दिलेली रक्कम, मग तो पुण्यातलाच विद्यार्थी असो आणि रक्कम पाचशे रुपये असो, परकीय देणगी ठरते आणि त्यासाठी वेगळी परवानगी लागते. ज्यांच्यासाठी काम चालते त्या परदेशी मुलांनी कौतुकाने वर्गणी काढून दिली तरी ती संस्थेच्या खात्यात घेता येत नाही. त्यांच्याकडून वेळ घ्यावा, उदाहरणार्थ दवाखान्यात फारसी किंवा अरबीचा दुभाषी म्हणून.