कफनापासून कीबोर्डपर्यंत: भुताच्या इमोजीची पार्श्वभूमी

पांढरंशुभ्र अंग, वर केलेले हात, एक डोळा मोठा तर दुसरा बारका, बाहेर काढलेली जीभ आणि पायांच्या जागी निमुळतं शेपूट. ॲपलच्या फोनवर भुताचा इमोजी असा दिसतो. बाकीच्या कंपन्यांची भुतंही थोड्याफार फरकाने याच वळणाची. मित्राची फिरकी घ्यायला, अमावस्येचा विषय निघाला की, ग्रुपवरून गायब झालेला माणूस अचानक उगवला की, आपण तो सहज टाकतो. चित्र इतकं खेळकर आहे की त्याच्या अंगावरचं पांढरं कापड मुळात मेलेल्या माणसाचं आहे, हे ध्यानातही येत नाही.

हे कापड युरोपातून आलं. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात गरिबांना शवपेटी परवडत नसे. प्रेत कापडात गुंडाळायचं, डोक्यावर आणि पायांशी गाठ मारायची आणि पुरायचं. तिथल्या लोकरीच्या धंद्याला हातभार लागावा म्हणून १६६६ पासून कायदेच झाले की कफन लोकरीचंच हवं. मोडणाऱ्याला पाच पौंड दंड. हे कायदे रद्द व्हायला १८१४ साल उजाडलं. कफनात गुंडाळलेला माणूस कसा दिसे, हे आजही पाहता येतं. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये जॉन डन या कवीचा पुतळा आहे. १६३१ मध्ये वारण्याआधी त्याने स्वतः कफन पांघरून, उभं राहून आपलं चित्र काढून घेतलं आणि त्यावरून हा पुतळा घडवला गेला. डोक्यावर कापडाची गाठ, खाली चुण्या, मधे फक्त चेहरा उघडा. १६६६ च्या आगीत जुनं कॅथेड्रल जळालं, हा पुतळा वाचला. त्याच्याकडे पाहिलं की इमोजीतलं भूत ओळखीचं वाटतं, आणि माझं तरी हसू मावळतं. मेलेला परत आला तर ज्या कपड्यात पुरला त्याच कपड्यात येणार, असा लोकांचा साधा हिशोब होता.

या हिशोबाने एकाचा जीवही घेतला. १८०३ च्या अखेरीस लंडनजवळच्या हॅमरस्मिथमध्ये पांढरं भूत फिरतं अशी हूल उठली होती. ३ जानेवारी १८०४ च्या रात्री फ्रान्सिस स्मिथ नावाचा माणूस बंदूक घेऊन त्या भुताच्या मागावर निघाला. अंधाऱ्या गल्लीत त्याला समोरून पांढरी आकृती येताना दिसली आणि त्याने गोळी झाडली. मेला तो थॉमस मिलवूड, गवंडीकाम करणारा. पांढरी विजार, पांढरं जाकीट, पांढरा ॲप्रन हा त्याच्या कामाचाच वेश. लोक तुला भूत समजतात, वरून कोट घालत जा, असं त्याच्या सासूने आधी बजावलंही होतं. स्मिथला फाशीची शिक्षा झाली, ती लगेच कमी होऊन एक वर्षाच्या सक्तमजुरीवर आली. प्रामाणिक पण चुकीच्या समजुतीतून केलेला वार माफ करायचा का, या प्रश्नावर इंग्लंडच्या न्यायालयांचा नीट निकाल यायला त्यानंतर सुमारे एकशेऐंशी वर्षं गेली.

कापड इंग्लंडचं, पण पाय कुठे गेले? इथे जपानचा विचार करावा लागतो. जपानमधलं 'युरेई' म्हणजे अतृप्त मेलेल्या माणसाचं, बहुतेकदा बाईचं, भूत: पांढरा किमोनो, मोकळे केस, मनगटातून लोंबणारे हात आणि कमरेखाली विरत गेलेलं शरीर. अठराव्या शतकातल्या मारुयामा ओक्यो या चित्रकारामुळे बिनपायाच्या भुताचं हे रूप रूढ झालं असं मानतात. १८२५ च्या एका गाजलेल्या काबुकी नाटकातली ओइवा नवऱ्याच्या दग्याला बळी पडते, विषाने तिचा चेहरा विद्रूप होतो आणि मेल्यावर ती त्याला सुखाने जगू देत नाही. अशी नाटकं जपानमध्ये उन्हाळ्यात लावतात. पितरांचा ओबोन सणही तेव्हाच येतो. मला ही परंपरा फार मोलाची वाटते, कारण तिथे भूत म्हणजे आधी अन्याय झालेली व्यक्ती आणि मग भीती.

हे दुःख चित्रातून पुसलं गेलं ते विसाव्या शतकात. १९४५ मध्ये अमेरिकेत कॅस्पर हे मैत्री शोधणारं कार्टून भूत पडद्यावर आलं. १९८० मध्ये जपानच्या नामको कंपनीच्या पॅक-मॅन या व्हिडिओ गेममध्ये चार रंगांची भुतं आली, वर गोल आणि खाली झालरीसारखी. विशेष गोळी खाल्ली की पॅक-मॅनच त्यांच्या मागे लागायचा आणि ती निळी पडून पळायची. १९८८ मध्ये मारिओच्या खेळात आलेलं भूत तर आपण त्याच्याकडे पाहिलं की तोंड झाकून घेतं आणि पाठ फिरवली की मागे येतं. घाबरवणाऱ्यालाच घाबरवायची सवय लहान मुलांना अशी लागली.

इमोजीही जपानच्या मोबाइल कंपन्यांनीच आणले. त्यांचे संच एकमेकांच्या फोनवर नीट उमटत नसत, म्हणून गूगल आणि ॲपलच्या लोकांनी ते युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांसाठी अक्षरं आणि चिन्हं ठरवणाऱ्या सामायिक यादीत, घ्यावेत असा प्रस्ताव दिला. ऑक्टोबर २०१० च्या ६.० आवृत्तीत भूत आलं. त्याच यादीतून ओनी हा राक्षस आणि लांब नाकाचा तेंगूही जगभर गेले.

पुढच्याच वर्षी स्नॅपचॅट हे फोटो पाठवायचं ॲप आलं. पाहिला की नाहीसा होणारा फोटो ही त्याची कल्पना, म्हणून खूण भुताची. तेव्हापासून प्रोफाइलवर भुताच्या इमोजीपुढे नाव दिसलं की ते स्नॅपचॅटचं खातं समजायचं. मग प्रेमात, मैत्रीत आणि नोकरीच्या मुलाखतीनंतरही काही न सांगता बोलणं तोडणाऱ्याला 'घोस्ट केलं' म्हणू लागले आणि हाच इमोजी तिथे चिकटला. भूत म्हणजे परत येणारा, ही शतकानुशतकांची समजूत. आता भूत म्हणजे परत न येणारा. बोलणं तुटलेल्या माणसाला त्या मौनाचा जो त्रास होतो, त्यापुढे बाहेर काढलेली जीभ मला क्रूर वाटते.

आपल्याकडच्या भुतांना या चित्रात जागा नाही. हिंदू प्रेताबरोबर कापडही चितेवर जातं, त्यामुळे चादरवालं भूत आपल्या गोष्टींत क्वचितच. आपली भुतं राहत्या जागेवरून आणि पावलांवरून ओळखायची: मुंजा पिंपळावर, हडळीची पावलं उलटी. भुतांचा राजा वेताळ. नवा इमोजी हवा तर युनिकोडकडे कुणीही प्रस्ताव पाठवू शकतो, पण देवदेवतांचे इमोजी ते घेत नाहीत, आणि गोव्यात आमोणे, लोलये इथे वेताळ देव म्हणूनच पुजला जातो. सिंधुदुर्गातल्या आरवलीचा वेतोबा, म्हणजे वेताळच, रात्री गावाच्या राखणीला फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. भक्त त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या नव्या वहाणा वाहतात.