मुग्धभ्रांती (महासाथीतील)

गंभीर आजारात काही तासांत किंवा दिवसांत उद्भवणारा आणि दिवसभरात कमीजास्त होणारा मेंदूचा बिघाड. डॉक्टर याला डिलिरियम म्हणतात. बोलीतले ‘वात झाला’, ‘वातात बरळतोय’ हे बहुधा याचेच वर्णन. आयुर्वेदातील सन्निपातज्वराच्या (तिन्ही दोष बिघडून येणाऱ्या तापाच्या) लक्षणांतही प्रलाप, म्हणजे बरळणे, येतो; तरी दोन्ही संकल्पना तंतोतंत एक मानणे योग्य नाही. हे वेड नव्हे, हे नातेवाइकांना पहिल्याच दिवशी सांगायला हवे.

कोविड-१९ मध्ये याचे कारण काय, यावर मतभेद झाले. विषाणू थेट मेंदूत शिरतो, असे मत आरंभी पुढे आले. मात्र प्राणवायूची कमतरता, शरीरभरचा दाह आणि गुंगीची औषधे यांच्या बाजूचा पुरावा अधिक भक्कम दिसतो. १४ देशांतील २,०८८ अतिदक्षता रुग्णांच्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ५५ टक्क्यांना मुग्धभ्रांती झाली होती. बेंझोडायझेपिन गटातील औषधे (उदा. मिडाझोलाम) सलग दिलेल्यांत धोका जास्त होता, नातेवाईक प्रत्यक्ष किंवा व्हिडिओ कॉलवर भेटलेल्यांत तो कमी आढळला.

श्वासासाठी तोंडातून घातलेल्या नळीमुळे बोलू न शकणाऱ्या रुग्णाचीही तपासणी होते. परिचारिका त्याचा हात धरून दहा अक्षरे सावकाश म्हणते. ठरलेले अक्षर आले की त्याने हात दाबायचा. दोनहून अधिक चुका झाल्या, तर अवधान बिघडले आहे. मग ‘दगड पाण्यावर तरंगतो का?’ असे हो-नाहीचे प्रश्न. नळ्या उपसणारा रुग्ण लगेच लक्षात येतो. निपचित पडलेला ‘शांत आहे’ म्हणून सुटतो, आणि चूक नेमकी तिथेच होते.

हॅलोपेरिडॉल या मनोविकारांवरील औषधाने मुग्धभ्रांतीचे दिवस घटत नाहीत, असे २०१८ च्या एका मोठ्या चाचणीत दिसले. उपयोग होतो तो गुंगी शक्य तितकी हलकी ठेवण्याचा, रात्री दिवे मंद करण्याचा, रोज वार-तारीख सांगण्याचा. विलगीकरणात चष्मा आणि श्रवणयंत्र घरीच राहते; कर्मचाऱ्यांच्या संरक्षक किटमुळे समोरचा चेहरा दिसत नाही, आवाजही दबतो. म्हणून या वस्तू नाव लिहून पहिल्या डब्याबरोबरच पाठवाव्यात. कॉल ठरल्या वेळी, शक्यतो एकाच माणसाने करावा. तोंडातली नळी आणि बांधलेले हात दिसतील, हे त्याला आधी सांगावे.

नातेवाइकांवरील अभ्यास थोडे आहेत. फ्रान्समधील एका अभ्यासात, कोविडमुळे फुप्फुसे निकामी झालेल्यांच्या ३५ टक्के नातेवाइकांत ९० दिवसांनी आघातोत्तर तणावाची लक्षणे होती. इतर कारणांनी तशीच अवस्था झालेल्यांच्या नातेवाइकांत १९ टक्के. घरी परतलेला रुग्ण ‘मला बांधून मारत होते’ म्हणतो, तेव्हा त्याच्याशी वाद घालू नये. हात खरोखर बांधलेले असू शकतात. मारणे हा भास असतो. रोजच्या घडामोडींची वही ठेवली असेल, तर ती तारखेनिशी वाचून दाखवावी. झोप महिनाभरात सावरली नाही, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे.