माटुंग्याच्या उडप्यांकडची पंगत: थोडी पार्श्वभूमी

माटुंगा स्टेशनाच्या पूर्वेला उतरलं की फुलवाले, भाजीवाले आणि केळीच्या पानांचे गठ्ठे लागतात. त्याच गर्दीत, बाजाराच्या इमारतीत, जिना चढून गेलं की ए. रामा नायक यांची 'उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग' ही खाणावळ. सुरुवात 1942 ची. आधी पैसे भरून कूपन घ्यायचं, मग आपला नंबर येईपर्यंत वाट पाहायची. नंबर पुकारला की जिथे खुर्ची रिकामी असेल तिथे बसायचं. समोर कोण बसलंय याचा विचार करायचा नाही. निवृत्त तमिळ आजोबा असतील, पिशव्या सांभाळत बसलेलं गुजराती जोडपं असेल किंवा पहिल्यांदाच पानावर जेवणारा कॉलेजचा मुलगा असेल.

हा मुलगा ओळखू येतो तो रसम् आल्यावर. पान सपाट, रसम् पातळ. तो घाबरून हाताचा बांध घालतो. मुरलेला गिऱ्हाईक भाताच्या ढिगाला आधीच खळगा करून ठेवतो आणि वाढप्याकडे न बघता नुसता हात आडवा करून 'पुरे' सांगतो. वाढपीही थांबत नाही. भाजी, सांबार, भात, तूप, ताक अशा फेऱ्या चालूच असतात. एखादा पदार्थ संपला आणि दोन मिनिटांत पुन्हा आला नाही असं सहसा होत नाही.

ही सगळी शिस्त आली कुठून, तर एका देवळाच्या मुदपाकखान्यातून. त्यासाठी आधी उडुपीला जायला हवं. (गाव 'उडुपी', हॉटेलवाला 'उडपी'. हा फरक मराठीने आपल्या सोयीने केलेला आहे.)

तेराव्या शतकात मध्वाचार्यांनी उडुपीला श्रीकृष्णाची स्थापना केली आणि पूजेची जबाबदारी आठ मठांवर आली. हे मठ पाळीपाळीने दोन-दोन वर्षं देवाचं आणि अन्नदानाचं काम बघतात. या पाळीला 'पर्याय' म्हणतात. पर्यायाची तयारी सुरू होते केळी आणि तुळस लावण्याच्या मुहूर्ताने. साधारण वर्षभर आधी केळी लावली, तर जेवणावळींना पानं आणि घड मिळणार, असा सरळ हिशेब. मग तांदळाचा मुहूर्त, पुढे लाकडांचा. सरपणाची लाकडं रथाच्या आकारात रचून ठेवतात. हजारो पानं रोज उठवायची तर आचारी कसलेलेच लागतात. शिवळ्ळी ब्राह्मणांच्या पिढ्यान्‌पिढ्या या चुलींपुढे तयार झाल्या.

मठातलं जेवण कांदा-लसणाशिवायचं. चातुर्मासात नियम आणखी कडक: एक महिना भाज्या वर्ज्य, दुसरा महिना दही, तिसरा दूध, चौथा द्विदल धान्यं. म्हणजे दर महिन्याला स्वयंपाक्याच्या हातातलं एक हत्यार काढून घ्यायचं आणि तरी पान भरलेलं दिसलं पाहिजे. नारळ, चिंच, गूळ, मिरी, काकडी, फणस, सुरण यांच्यावर या लोकांचा जो हात बसला त्याचं रहस्य मला तरी या बंधनांतच दिसतं. बटाटा हा परदेशी कंद मठाच्या चुलीपर्यंत गेला नाही. गंमत अशी, की उडप्यांना जगभर नाव मिळवून देणाऱ्या मसाला डोशाच्या पोटात नेमके बटाटा आणि कांदा हेच दोघं बसलेले असतात.

या लोकांना गाव का सोडावं लागलं? मुख्यतः पोटासाठी. 1923 च्या मोठ्या पुराने दक्षिण कानडा जिल्ह्याची (उडुपी तेव्हा याच जिल्ह्यात) दैना केली, पुढे मंदी आली. लहान मुलं मंगळुराहून बोटीने मुंबईला यायची. दिवसा कपबश्या विसळायच्या, रात्री हॉटेलातल्याच बाकांवर झोपायचं. मुंबईत कानडी रात्रशाळा चालल्या त्या बऱ्याच अंशी याच मुलांच्या जिवावर. मोरीवरून चुलीपुढे, तिथून गल्ल्यावर आणि मग स्वतःचं हॉटेल, ही त्यांची बढतीची वाट. कडंदळे गावचे के. कृष्ण राव अशाच कष्टांतून मद्रासला गेले आणि तिथे त्यांनी 'वुडलँड्स' उभं केलं. बंगळूरला मय्या बंधूंनी 1924 मध्ये सुरू केलेल्या जागेचं पुढे 'मावळ्ळी टिफिन रूम्स', म्हणजे एमटीआर झालं. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश जपानने घेतला, तिकडचा तांदूळ बंद झाला, तेव्हा रव्याची इडली आपल्याकडेच जन्मली असं एमटीआरवाले सांगतात. आणीबाणीत सरकारने खाण्याचे दर बांधून दिले, तेव्हा त्यांनी दर्जा तोच ठेवला आणि रोज किती तोटा होतोय त्याचा फलक बाहेर लावला. पाकिटातल्या तयार पिठांचा धंदा त्यांनी वाढवला तोही याच काळात. आपल्या घरोघरी कपाटात असलेल्या त्या रवा इडलीच्या पुड्याचं मूळ असं आहे.

मुंबईत हे लोक माटुंग्यालाच का एकवटले, याचं उत्तर प्लेगमध्ये आहे. 1896 ला प्लेग आला, 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाटीवाटीच्या शहराला उत्तरेकडे हवेशीर जागा देण्यासाठी दादर-माटुंग्याची आखणी झाली. रेल्वेत, बँकांत, कंपन्यांच्या कचेऱ्यांत कारकून आणि लघुलेखक म्हणून आलेले तमिळ, कानडी, मल्याळी सुशिक्षित या नव्या वस्तीत स्थिरावले. 1932 मध्ये साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी निघाली, म्हणजे तोवर पोराबाळांसह मुक्काम पक्का झाला होता. पण कितीतरी जण एकटेच राहत. अशा सड्या माणसाला सोवळ्याओवळ्याची शंका न येता पोटभर जेवायला हवं होतं, आणि तेही घड्याळाकडे बघत.

त्या काळी बाहेर जेवणं ही नाजूक गोष्ट होती, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसकट सगळ्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा खटला, उभं राहिलं होतं. खाणावळी आणि उपाहारगृहांच्या पाट्यांवर 'ब्राह्मण' शब्द असे तो गिऱ्हाइकाला चुलीपुढे कोण उभं आहे ते कळावं म्हणून. 'शुद्ध शाकाहारी' या शब्दांत नुसती भाजी नव्हती, जातही होती. मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागातल्या मुरली कॅफेच्या पाटीवरच्या 'ब्राह्मण' शब्दाविरुद्ध द्रविड चळवळीचे नेते पेरियार यांच्या कार्यकर्त्यांना 1957 मध्ये रोज निदर्शनं करावी लागली होती. खुद्द उडुपीच्या मठातला पंक्तिभेद, म्हणजे जातीप्रमाणे वेगळ्या पंगती, तर अगदी अलीकडेपर्यंत वादाचा विषय होता.

ही बाजू वगळून 'हेरिटेज' हॉटेलांचं कौतुक करणं मला जमत नाही. आणि म्हणूनच माटुंग्यातलं ते कूपन मला महत्त्वाचं वाटतं. पंक्तिभेद पाळणाऱ्या परंपरेत शिकलेल्या आचाऱ्यांनी मुंबईत जेवण रांधलं, पण इथे पंगतीतली जागा नंबराने ठरायला लागली. यात समतेचा विचार होता असं मी म्हणणार नाही. जागा कमी, भाडं जास्त आणि बाहेर रांग, एवढंच कारण पुरेसं होतं.

बोर्डिंगच्या जोडीने सकाळ-संध्याकाळच्या खाण्याची हॉटेलंही उभी राहिली. मैसूर कॅफे 1936 चं, राम आश्रय 1939 चं, कॅफे मद्रास 1940 चं. राम आश्रय पहाटे पाचाच्या सुमारास उघडतं आणि तिथला शिरा रोज वेगळा असतो. नेहमीचा गिऱ्हाईक आत शिरताना आधी विचारतो, 'आज शिरा कसला?' कॅफे मद्रासमध्ये रसम् वडा घ्यावा. वडा रसमात किती वेळ ठेवायचा यावर मतभेद आहेत. माझं मत, बाहेरून मऊ आणि मधोमध अजून खमंग असताना चमचा घालावा.

पुण्यातलं 'वैशाली' याच परंपरेतलं. जगन्नाथ शेट्टी कारकळकडून लहान वयात आले, हॉटेलात पडेल ते काम केलं आणि 1951 मध्ये फर्ग्युसन रस्त्यावर 'मद्रास हेल्थ होम' सुरू केलं. तेच पुढे वैशाली झालं. ते 2023 मध्ये गेले तेव्हा पुण्यातल्या तीन पिढ्यांना आपल्या घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं. शेट्टी म्हणजे बंट, मूळचा जमीनजुमला असलेला शेतकरी समाज, मठातल्या आचाऱ्यांपैकी नव्हे. हा बदल समजून घ्यायला हवा. शिवळ्ळींच्या मागोमाग बंट या धंद्यात आलेच होते. 1974 मध्ये कर्नाटकात कुळकायदा कडक झाला आणि जमिनी कुळांकडे गेल्या, तशी त्यांची वाट आणखी रुंद झाली. मग नाक्यानाक्यावर उडपी आला. पावभाजी आली, चायनीज आलं, कुठे परमिट रूमही आली. 'उडप्याकडे जाऊ' याचा अर्थ 'जवळच्या स्वस्त हॉटेलात जाऊ' एवढाच उरला.

याच काळातली कडू आठवणही सांगितली पाहिजे. 1966 मध्ये शिवसेना स्थापन झाल्यावर दाक्षिणात्यांविरुद्ध जी लाट उठली, तिच्यात उडपी हॉटेलांवर दगड पडले. मराठी पोरांनी इडलीऐवजी वडापावच्या गाड्या लावाव्यात असं सांगितलं गेलं आणि त्या लागल्याही. गाड्या चालल्या, इडलीही चालली. आज दोन्हीकडे रांगा असतात आणि रांगेतली माणसंही पुष्कळदा तीच असतात.

भाषेच्या बाबतीत तर हे भांडण केव्हाच मिटलं होतं. उडुपीच्या पानावर 'कोसंबरी' वाढतात, आपल्या पानावर कोशिंबीर. आपण वरणभातापासून सुरू करतो, ते 'सारु'भातापासून, म्हणजे आपण ज्याला रसम् म्हणतो त्यापासून. शेवट दोघांचाही ताकभाताने.

रामा नायकांकडे आता स्टीलच्या ताटातली मर्यादित थाळीही मिळते आणि हवं तितकं वाढून घ्यायचं असेल तर पान मांडतात. घाईत असलेले पुष्कळ जण ताट घेतात. पानाचं कूपन घेतलं तर मात्र आदल्या दिवसापासून पोटात जागा ठेवून जावं. आणि समोरच्या अनोळखी माणसाने हात आडवा केला, की आपणही जरा भानावर यावं. तो बहुधा इथला जुना असतो.