याकिनिकूच्या शेगडीवरचं रसायन

टेबलातच बसवलेली शेगडी आणि त्यावर ज्याने त्याने भाजून घ्यायचे गोमांसाचे पातळ काप. आज ‘जपानी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या याकिनिकूची घडण प्रामुख्याने जपानमधल्या कोरियन कुटुंबांच्या हातची आहे. 1910 ते 1945 कोरियावर जपानची सत्ता होती. त्या काळात जपानला आलेले बरेच कोरियन युद्धानंतरही तिथेच राहिले. ओसाका शहरातला त्सुरुहाशी भाग त्यांच्या याकिनिकूच्या दुकानांसाठी आजही प्रसिद्ध आहे.

त्यांच्या हातात पाककलेइतकंच रसायनही होतं, असं मला ठामपणे वाटतं. मांसाचा पृष्ठभाग ओला असतो तोवर त्याचं तापमान 100 अंश सेल्सिअसच्या फारसं वर जात नाही. पाणी उडून पृष्ठभाग 140 अंशांच्या आसपास पोचला की अमिनो आम्लं आणि शर्करा यांच्यात माइयार अभिक्रिया वेगाने सुरू होते. तो तपकिरी रंग आणि खमंग वास तिचाच.

आता बुलगोगीसारख्या (मुरवून भाजलेले गोमांसाचे काप) कोरियन पदार्थांचं मुरवण पाहा: सोया सॉस, लसूण, तिळाचं तेल, किसलेली नासपती. सोयाबीन आंबवताना त्यातली प्रथिनं तुटून अमिनो आम्लं मोकळी झालेली असतात. साधी साखर या अभिक्रियेत थेट उतरत नाही. नासपतीतले ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मात्र उतरतात. शिवाय तिच्यातलं विकर (एन्झाइम) मांसाची प्रथिनं तोडून ते मऊ करतं. आपल्याकडे कबाबाला कच्ची पपई लावतात, ती याच कामासाठी.

पण गोड मुरवण निखाऱ्यावर चटकन करपतं. याकिनिकूत भाजल्यावर काप सॉसमध्ये बुडवतात. या सॉसला आच लागतच नाही, त्यामुळे गोडवा करपत नाही आणि चटका देणारा काप थोडा निवतोही.

याच शेगडीवर वजडीही भाजतात, पण तिचं गणित वेगळं. आतड्यात कोलॅजन हे चिवट प्रथिन भरपूर, आणि ते विरघळून मऊ व्हायला मंद आचेवर तास-दोन तास लागतात. शेगडीवर मिळतात जेमतेम काही मिनिटं. म्हणून भाजलेलं आतडं चिवटच राहतं, आणि खाणाऱ्यांना तेच हवं असतं. त्याची चरबी निखाऱ्यावर ठिबकते, अर्धवट जळते आणि धुराचा लोट उठतो.

या धुराने कपडे वासाळत. 1980 मध्ये नागोयाच्या शिनपो कंपनीने धूर वर जाण्याआधीच खाली ओढून घेणारी शेगडी आणली. मग ऑफिसच्या सुटाबुटातली माणसंही निर्धास्तपणे याकिनिकू खायला बसू लागली.