ताटांची ट्रॉली आणि दोन इंचांची गोष्ट

आमच्या ओट्याखाली पाच ट्रॉल्या आहेत. त्यातली ताटांची ट्रॉली बंद झाली की आमच्याकडची जेवणं उरकली, हे शेजारच्यांना कळायचं. गेल्या दिवाळीच्या आधी जुने चॅनेल, म्हणजे ट्रॉली ज्यांवर सरकते त्या पट्ट्या, काढून सगळीकडे सॉफ्ट क्लोजचे, म्हणजे शेवटी आपोआप हळूच बंद होणारे, बसवले. चार ट्रॉल्या एका दिवसात शहाण्या झाल्या. ताटांची मात्र ऐकेना. शेवटचे दोन इंच राहिले की अडून बसायची, मग आई तिला पायाने ढकलायची, आणि पुन्हा तेच धाड्.

आता त्या धाड्-चा हिशेब करू. ताटं, वाट्या, पराती धरून ट्रॉलीचं वजन १६ किलो आहे आणि आपण ती सेकंदाला अर्धा मीटर या वेगाने लोटली असं समजा. तिच्यातली गतिज ऊर्जा भरते २ जूल. किलोभर साखरेची पिशवी वीतभर उंचीवरून पडावी, एवढीच. म्हणजे ऊर्जा फार नाही, प्रश्न ती किती अंतरात संपवायची याचा आहे. ट्रॉली फ्रेमवर आदळून २ मिलिमीटरमध्ये थांबली, तर सरासरी १,००० न्यूटन बल लागतं, जवळजवळ १०० किलोच्या माणसाच्या वजनाइतकं. तीच ट्रॉली ४ सेंटिमीटरमध्ये थांबवली तर ५० न्यूटन पुरतं, म्हणजे पाच किलोची आट्याची पिशवी.

आवाजाचं आणखी एक आहे. टक्कर जितकी क्षणिक, तितके उंच पट्टीतले आवाज त्यातून उठतात, आणि स्टीलची पातळ ताटं नेमकी त्याच पट्टीत खणखणतात. शिवाय ट्रॉलीचा पुढचा प्लायचा दरवाजा आणि फ्रेम ढोलकीच्या पानासारखे थरारतात. थांबणं लांबवलं की यातलं बरंचसं उठतच नाही.

मग नुसती रबराची गोळी चिकटवली तर? आवाज कमी होतो, पण रबर दाबलं जातं आणि घेतलेल्या ऊर्जेतली बरीचशी परत देतं. ट्रॉली बोटभर मागे येऊन उघडी राहते. ऊर्जा परत न देता गिळून टाकणारं काहीतरी हवं, आणि ते काम डॅम्पर करतो.

चॅनेलच्या मागच्या टोकाला पेनाच्या रिफिलएवढी एक नळी दिसते. तिच्यात सिलिकॉन तेल आणि एक दट्ट्या असतो. दट्ट्या आत सरकायचा तर तेलाला त्याच्या कडेच्या बारीक फटीतून पलीकडे जावं लागतं. सुई काढलेल्या सिरिंजमध्ये एरंडेल भरून बघा. सावकाश दाबलं तर मुकाट बाहेर येतं, जोरात दाबलं तर अंगठा दुखतो. जितका वेग जास्त तितका विरोध जास्त, आणि वेग शून्याकडे गेला की विरोधही शून्याकडे. म्हणून ट्रॉली जोरात लोटा नाहीतर हळू, शेवटी ती जवळपास सारख्याच चालीने आत जाते. त्या २ जुलांची उष्णता होते. नळीत ग्रॅमभर तेल धरलं, तर ते सव्वा-दीड अंशाने तापेल, बस. सिलिकॉन तेलच का, तर साध्या खनिज तेलाच्या मानाने त्याचा दाटपणा थंडी-उन्हाळ्यात कमी बदलतो.

पण नुसत्या डॅम्परने ट्रॉली वाटेतच थांबली असती. म्हणून जोडीला एक स्प्रिंग असते. ट्रॉली उघडताना सुरुवातीला हाताला किंचित ओढ जाणवते ना? तेव्हा आपणच ती स्प्रिंग ताणत असतो. ताणली की एक छोटा प्लॅस्टिकचा आकडा खाचेत अडकून बसतो. परत येणारी ट्रॉली त्या आकड्याला धक्का देऊन सोडवते, स्प्रिंग तिला आत ओढते आणि डॅम्पर लगाम धरतो. कधी ट्रॉली उघडी असतानाच आकडा निसटतो आणि मग ती पूर्ण बंद होत नाही. अशा वेळी एकदाच नेटाने आत दाबली की बहुधा आकडा पुन्हा पकड घेतो.

ऑस्ट्रियातल्या ब्लूम कंपनीने ही सोय ब्लूमोशन या नावाने २००१ साली आणली. १९५२ मध्ये या कंपनीची सुरुवात घोड्याच्या नालांना लावायच्या खुंट्या बनवण्यापासून झाली होती. टापांचा आवाज करणाऱ्यांनीच पुढे स्वयंपाकघर गप्प केलं, हे मला फार आवडतं.

तर आमची ताटांची ट्रॉली. मी आधी डॅम्परलाच दोष दिला. मिस्त्रींनी मात्र ट्रॉली उपसून बाहेर ठेवली आणि दोन उभ्या कडप्प्यांमधलं अंतर टेपने मोजलं, एकदा पुढे आणि एकदा मागे. मागे ३ मिलिमीटर कमी भरलं. ‘‘कडप्पा गुण्यात नाही,’’ म्हणजे काटकोनात बसलेला नाही, एवढंच म्हणाले.

बाजूला बसणाऱ्या बॉल-बेअरिंगच्या चॅनेलला दोन्हीकडे साधारण अर्धा इंच जागा लागते. ती मागे आवळत गेली की छर्रे पत्र्यात चेपले जातात आणि घर्षण वाढतं, तेही नेमकं स्प्रिंगने ओढायच्या जागी. ही स्प्रिंग मुद्दामच बेताची ठेवलेली असते. जास्त जोराची असती, तर उघडताना रोज आपल्यालाच ती ताणावी लागली असती. साध्या चॅनेलमध्ये असली चूक लपून जाते, कारण आपला हात तिच्यावर मात करतो. सॉफ्ट क्लोजमध्ये हात आधीच सुटलेला असतो. म्हणून महागडा चॅनेल वाकड्या फ्रेमवर साध्यापेक्षाही वाईट चालतो. मिस्त्रींनी चॅनेलमागची लाकडी पट्टी मागच्या अंगाने रंध्याने तासली आणि स्क्रू पुन्हा आवळले. वीस मिनिटांचं काम.

जाताना त्यांनी चॅनेलमधला काळा चिकटा पुसून दाखवला. पीठ, मसाल्याची धूळ आणि मी हौसेने सोडलेलं गोडेतेल. खाद्यतेल हवेतला ऑक्सिजन घेत घेत घट्ट होतं. कढईच्या बुडाला जो निघता निघत नाही तो थर याच जातीचा. चॅनेल कोरड्या फडक्याने पुसावा, फार तर किंचित ग्रीस लावावं.

आता ताटांची ट्रॉली शेवटचे दोन इंच मांजरासारखी आत जाते. पण डॅम्पर असतो तो फक्त बंद होण्याच्या बाजूला. उघडताना दुसऱ्या टोकाला नुसता अडथळा असतो, आणि आई पहाटे पाचला चहाच्या घाईत ती एका हिसक्यात पुरी ओढते.