प्लास्टिकची टाकी फुगते, हे धरूनच बसवा

पेट्रोलची पत्र्याची टाकी आतून गंजते, म्हणून ऑफ-रोड बग्गी किंवा जुनी जीप नव्याने बांधणारे पॉलिथिलीनच्या टाकीकडे वळतात. बसवताना हात मात्र पत्र्याच्याच सवयीने चालतात. पत्रा पेट्रोल पीत नाही, पॉलिथिलीन पिते. पहिल्यांदा भरल्यानंतर महिनाभरात टाकी लांबी, रुंदी आणि उंचीत सुमारे 2 टक्के वाढते. 90 सेंटिमीटरची टाकी जवळपास 2 सेंटिमीटर लांब होते. चौकटीत चपखल बसवलेली टाकी मग पोट काढते, फ्लँज (तोंडाची सपाट कड) वाकतो आणि गॅस्केटमधून गळती सुरू होते. म्हणून तिन्ही दिशांना दर फुटामागे पाव इंच जागा सोडावी. पट्टे टाकी हलणार नाही इतकेच आवळावेत आणि महिन्याने पुन्हा तपासावेत.

तळाला सपाट, सलग आधार हवा. पट्ट्याखाली रबर, आणि आसपास बोल्टचे डोके किंवा कापलेल्या पत्र्याची धार नको. खडबडीत रस्त्यावर ती टाकीला हळूहळू खाते. एचडीपीई, म्हणजे टाकीचे घट्ट पॉलिथिलीन, साधारण 130 अंशांना वितळते, नरम तर त्याआधीच पडते. सायलेन्सर जवळ असेल तर मध्ये हवेची फट ठेवून उष्णतारोधक पत्रा लावावा.

खरेदी करताना थर विचारा. एकाच थराच्या पॉलिथिलीनमधून पेट्रोलची वाफ झिरपते, बंद केबिनमध्ये वास येतो. कारखान्यातल्या गाड्यांच्या टाक्यांत बहुधा सहा थर असतात. त्यातला इथिलीन व्हिनाइल अल्कोहोलचा पातळ थर वाफ अडवतो. नायलॉनची टाकी टाळलेली बरी: नायलॉन अल्कोहोल आणि पाणी दोन्ही शोषते, आणि आपल्या ई20 पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आहे.

पेट्रोल दर अंशाला सुमारे 0.1 टक्का प्रसरण पावते. सकाळी 20 अंशांना 50 लिटर भरले आणि दुपारी ते 45 अंशांवर गेले, तर सव्वा लिटर वाढले. म्हणून 5 टक्के जागा रिकामी ठेवायची. व्हेंट, म्हणजे हवा ये-जा करण्याची नळी, सर्वांत उंच ठिकाणी, गाडी उलटल्यावर बंद होणाऱ्या व्हॉल्व्हसह. व्हेंट तुंबला तर पंप टाकी आत ओढून चेपवतो.

प्लास्टिक वीज वाहून नेत नाही, त्यामुळे भरण्याच्या धातूच्या नळीवर स्थिर विद्युतभार साचतो आणि ठिणगी पडू शकते. तिथून चॅसिसला तार जोडावीच; हे काम सर्वाधिक विसरले जाते. पंप टाकीच्या आत असेल तर त्याची होज बुडवून वापरण्याच्या दर्जाची, म्हणजे जे30आर10 हवी. साधी होज बाहेरून कुजते.

डॅशबोर्डवरचा इंधनाचा काटा आणि टाकीतला पातळी मोजणारा फ्लोट एकाच मापाचे घ्या. 240 (रिकामी) ते 33 (भरलेली) ओहमचा फ्लोट 10 (रिकामी) ते 180 (भरलेली) ओहमच्या काट्याला जोडला, तर रिकामी टाकी भरलेली दिसते.